'स्टिक अराउंड' : अर्थ, उपयोजन आणि मराठी अनुवाद

घटक ४

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :

• 'स्टिक अराउंड' या इंग्रजी वाक्प्रचाराची घडण व त्याचा मध्यवर्ती अर्थ स्पष्ट करता येईल.
• या वाक्प्रचाराच्या चार प्रमुख अर्थच्छटा उदाहरणांसह सांगता येतील.
• त्याच्याशी मिळत्याजुळत्या इंग्रजी प्रयोगांपासून तो वेगळा ओळखता येईल.
• प्रसंग, नाते आणि आदर यांचे भान ठेवून त्याचा मराठी अनुवाद करता येईल.

४.१ प्रास्ताविक



म्हण आणि वाक्प्रचार यांतील भेद आपल्याला ठाऊक आहे. म्हण हे स्वयंपूर्ण विधान असते. वाक्प्रचार मात्र वाक्यात योजल्यावरच कार्य करू लागतो. वाक्प्रचाराचा अर्थ त्यातील सुट्या शब्दांच्या अर्थांची बेरीज करून मिळत नाही, म्हणूनच अनुवादकाची खरी परीक्षा तेथे होते. प्रस्तुत घटकात आपण जवळ राहण्याविषयीचा एकच इंग्रजी वाक्प्रचार निवडून त्याचा सविस्तर विचार करणार आहोत.

प्रथम एका प्रसंगाची कल्पना करू. इंग्लंडमध्ये मुलीकडे राहायला गेलेल्या एक मराठी आजी लस घेण्यासाठी केंद्रावर गेल्या आहेत. सोबत बारा-तेरा वर्षांची नात आहे. लस टोचून झाल्यावर परिचारिका हसून म्हणते, 'प्लीज स्टिक अराउंड फॉर फिफ्टीन मिनिट्स.' नात लगेच मराठीत सांगते, "आजी, पंधरा मिनिटं आसपास राहा." आजींना वाटते, आसपास म्हणजे मोकळीकच आहे. त्या रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात भाजी पाहायला निघतात.

नातीने कोणताही शब्द मनाने घातलेला नाही. शब्दकोश उघडला तर 'अराउंड' या शब्दापुढे 'आसपास' हा अर्थ खरोखरच सापडेल. तरीही निरोप पोहोचलेला नाही. लस घेतल्यानंतर क्वचित एखाद्याला तीव्र ॲलर्जी होते, आणि ती झालीच तर बहुधा पहिल्या काही मिनिटांतच होते. त्या वेळी उपचार करणारी माणसे समोर असावीत, म्हणून थांबण्यास सांगितले जाते. आपल्याकडे २०२१ मध्ये कोविडची लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रावरच बसावे लागे, हे आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. परिचारिकेच्या वाक्यातील जोर 'आसपास' या शब्दावर नव्हता. तो 'निघून न जाण्या'वर होता. शब्द बरोबर आणि अर्थ मात्र हुकलेला, असे का घडते, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ वाक्प्रचाराची घडण

'स्टिक अराउंड' या प्रयोगात 'स्टिक' हे क्रियापद आणि 'अराउंड' हे अव्यय आहे. क्रियापदाला असे लहानसे अव्यय जोडून सर्वस्वी नवा अर्थ साधणारे शेकडो प्रयोग इंग्रजीत आहेत. अशा प्रयोगांना आपण सोयीसाठी 'अव्यययुक्त क्रियापदे' म्हणू. ही युक्ती मराठीच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाही. प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार हे शब्द पाहा. सर्वांच्या मुळाशी एकच धातू आहे. उपसर्ग बदलताच मारणे, खाणे, हिंडणे, नाश करणे आणि निरसन करणे असे एकमेकांपासून दूरचे अर्थ निर्माण झाले आहेत. संस्कृतात हा लहान घटक धातूच्या आधी येतो आणि त्याला जोडला जातो; इंग्रजीत तो क्रियापदानंतर येतो आणि सुटा राहतो. म्हणूनच इंग्रजी वाचताना तो स्वतंत्र शब्द आहे असे समजून त्याचा वेगळा अर्थ लावण्याचा मोह होतो. नातीच्या हातून नेमके हेच घडले.

'स्टिक' या क्रियापदाचा प्राचीन इंग्रजीतील अर्थ 'टोचणे, खुपसणे' असा होता. काठी या अर्थाचे 'स्टिक' हे नामही त्याच कुळातील आहे. टोचलेली वस्तू रुतून बसते, रुतलेली वस्तू हलत नाही. या क्रमाने 'चिकटणे' आणि 'जागा न सोडणे' हे अर्थ त्या क्रियापदाला प्राप्त झाले. 'अराउंड' म्हणजे भोवती. पुढे त्याला 'जवळपास' हा अर्थ आला. या दोहोंचा संयोग 'निघून न जाता थांबणे' या अर्थाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकी बोलीत रूढ झाला. त्याच्या नोंदी १९१२ च्या सुमारापासून आढळतात. आज तो इंग्रजी बोलणाऱ्या सर्व देशांत ऐकू येतो, परंतु त्याचा अनौपचारिक, घरगुती बाज कायम आहे. न्यायालयाच्या आदेशात किंवा शासकीय परिपत्रकात तो सहसा आढळणार नाही.

व्याकरणदृष्ट्या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, हे अकर्मक क्रियापद आहे. ते कर्म घेत नाही. दोन, त्याचे भूतकाळी रूप 'स्टक अराउंड' असे होते. हे रूप फसवे आहे. त्याचा विचार आपण ४.२.३ मध्ये करू.

४.२.२ अभिधा आणि लक्षणा

वाक्प्रचाराचा अर्थ कसा सिद्ध होतो, हे समजून घेण्यासाठी शब्दशक्तींचा विचार उपयोगी पडतो. अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्य मम्मट यांनी 'काव्यप्रकाश' या ग्रंथात लक्षणेसाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत : मुख्यार्थाला बाध येणे, नव्या अर्थाचा मुख्यार्थाशी काही संबंध असणे, आणि रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एकाचा आधार असणे. 'गंगेवर गवळीवाडा आहे' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. वाहत्या प्रवाहावर वस्ती असू शकत नाही, म्हणून 'गंगा' या शब्दाचा अर्थ आपण 'गंगेचा तीर' असा घेतो. प्रवाह आणि तीर यांतील संबंध सामीप्याचा, म्हणजे जवळ असण्याचा आहे.

हीच कसोटी आपल्या वाक्प्रचाराला लावून पाहू. माणूस डिंकाने चिकटल्यासारखा कोठे चिकटू शकत नाही. येथे मुख्यार्थाला बाध आला. चिकटलेली वस्तू जशी सुटून जात नाही, तसा हा माणूस निघून जात नाही. हा झाला मुख्यार्थाशी असलेला संबंध, आणि तो सादृश्याचा आहे. वारंवार वापरामुळे हा अर्थ इतका रुळला आहे की, बोलणाऱ्याच्या मनात चिकटण्याची कल्पना उरतही नाही. हा रूढीचा आधार. म्हणजे 'स्टिक अराउंड' हे रूढ लक्षणेचे उदाहरण ठरते.

आता प्रश्न असा की, मराठीतही 'चिकटणे' हे क्रियापद असताना ते येथे का चालत नाही? कारण मराठीतील 'चिकटणे' लक्षणेच्या वेगळ्याच वाटांनी गेले आहे. 'तो नोकरीला चिकटला' याचा अर्थ त्याला नोकरी लागली आणि त्याने ती धरून ठेवली. 'त्याला आळ चिकटला' यात नकोशी गोष्ट अंगाला येऊन बसण्याचा भाव आहे. 'गोचिडासारखा चिकटला' यात तर उघड तिरस्कार आहे. याच परिवारातील 'चिकाटी' हा शब्द मात्र गुणवाचक आहे. मराठीच्या या क्रियापदाला लाभलेले अर्थ असे दूरदूरचे आहेत, आणि पाहुण्याला थांबवून घेण्याचा अर्थ त्यांत नाही. त्यामुळे मित्राला 'जरा चिकटून राहा' असे म्हटले तर तो थांबण्याऐवजी चकित होईल. दोन भाषांत एकच प्रतिमा असली, तरी ती दोन्हींकडे एकच काम करते असे गृहीत धरू नये.

४.२.३ मध्यवर्ती अर्थ : जाता येत असूनही न जाणे

'स्टिक अराउंड' या प्रयोगाचा गाभा कोणता? केवळ 'थांबणे' हे उत्तर अपुरे आहे. पुढील दोन वाक्ये पाहा.

(१) आय वॉज स्टक अॅट द स्टेशन.
(२) आय स्टक अराउंड अॅट द स्टेशन.

दोन्ही वाक्यांत 'स्टक' आहे, दोन्हींत माणूस स्थानकावरच आहे. परंतु पहिल्या वाक्यातील माणूस अडकला आहे. पावसाने लोकल बंद पडली असेल, रस्ता पाण्याखाली गेला असेल. त्याला जायचे आहे आणि जाता येत नाही. दुसऱ्या वाक्यातील माणसाला जाता येत होते. तो गेला नाही. कदाचित एखाद्या मैत्रिणीची गाडी यायची असेल, कदाचित एखाद्या हरवलेल्या मुलाचे आईवडील येईपर्यंत तो त्याच्याजवळ थांबला असेल. ही स्वेच्छा, हे जाण्याचे स्वातंत्र्य असूनही न जाणे, हाच या वाक्प्रचाराचा प्राण आहे.

हा भेद हुकला तर माणसाच्या वागण्याचा अर्थच उलटतो. रुग्णालयातील एखाद्या वृत्तान्तात 'शस्त्रक्रियेनंतर शेजारी रात्रभर स्टक अराउंड' असे असेल आणि अनुवादकाने 'शेजारी रात्रभर अडकून पडले' असे लिहिले, तर त्या शेजाऱ्यांचे सौजन्य पुसले जाते आणि त्या जागी त्रागा येतो. 'शेजारी रात्रभर तिथेच थांबले, घरी गेले नाहीत' असे लिहिले म्हणजे न्याय होतो.

मराठीत एका जागी राहण्यासाठी अनेक क्रियापदे आहेत. इच्छा आणि नाइलाज यांच्या प्रमाणानुसार ती वेगवेगळी होतात :

• अडकून पडणे : मार्गच बंद आहे, इच्छेचा प्रश्न उरत नाही.
• खोळंबणे : कशामुळे तरी पुढचे काम अडले आहे, म्हणून थांबणे भाग आहे.
• ताटकळणे : कोणीतरी वाट पाहायला लावले आहे, त्यात कंटाळा आणि थोडा अपमानही आहे.
• रेंगाळणे : काम संपले तरी पाय निघत नाही, वेळ उगाच जात आहे.
• घुटमळणे : मन कशात तरी गुंतले आहे, माणूस तेथल्या तेथे फिरत राहतो, बहुधा संकोचाने.
• ठाण मांडणे : इतरांना नको असतानाही हट्टाने बसणे.

यांपैकी कोणतेही क्रियापद 'स्टिक अराउंड'चा नेमका पर्याय नाही. पहिल्या तिघांत नाइलाज आहे, पुढील दोहोंत हेतूचा अभाव किंवा अनिश्चितता आहे, तर शेवटच्यात हट्ट आहे. सर्वांत जवळचे क्रियापद 'थांबणे' हेच; परंतु तेही निर्धोक नाही. मराठीत 'थांबणे' या एका शब्दात 'वाट पाहणे', 'मुक्काम करणे' आणि 'बंद पडणे' असे तिन्ही अर्थ नांदतात. 'मी कोपऱ्यावर थांबलो', 'पाहुणे दोन दिवस थांबले' आणि 'पाऊस थांबला' ही वाक्ये शेजारी ठेवून पाहा.

या अनेकार्थतेमुळे होणारी चूक आपल्याला विशेष जवळची वाटेल. एखाद्या इंग्रजी लेखात असे वाक्य आहे की, पहिल्या वर्षानंतर अनेकांनी अभ्यासक्रम सोडला, पण एक गृहिणी 'स्टक अराउंड'. अनुवादकाने 'पण ती थांबली' असे लिहिले, तर वाचक काय समजेल? आपल्या भाषेत 'तिचे शिक्षण थांबले' म्हणजे ते सुटले. जी टिकून राहिली, तीच गळाली असा उलटा निरोप जाईल. नोकरी, घर आणि अभ्यास एकत्र सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याला 'थांबणे' आणि 'टिकणे' यांतील अंतर किती मोठे असते, हे वेगळे सांगायला नको. येथे 'पण तिने अभ्यासक्रम सोडला नाही' किंवा 'ती मात्र टिकून राहिली' हाच अनुवाद योग्य होय.

४.२.४ उपयोजन : चार अर्थच्छटा

मध्यवर्ती अर्थ एक असला तरी प्रसंगानुसार त्याला वेगवेगळ्या छटा प्राप्त होतात. त्यांपैकी चार प्रमुख छटा आपण पाहू.

(अ) आणखी थोडा वेळ थांबणे. बैठक संपली आहे, समारंभ आटोपला आहे, पाहुणा निघण्याच्या बेतात आहे. अशा वेळी यजमान 'स्टिक अराउंड' म्हणतो. मराठी यजमान अशा वेळी काय म्हणतो? "बस ना, काय घाई आहे?" "चहा घेऊन जा." "आता जेवूनच जा." यांतील शेवटच्या दोन वाक्यांकडे लक्ष द्या. त्यांत क्रियापद 'जा' आहे, पण आग्रह राहण्याचा आहे. जाण्याची परवानगी देत देत पाहुण्याला थांबवून घेणे ही आपल्या आतिथ्याची रीत आहे, आणि ती भाषेत उतरली आहे. कथेच्या अनुवादात असा संवाद आला, तर 'आसपास राहा' यापेक्षा 'चहा घेऊन जा' हा अनुवाद कितीतरी अधिक प्रामाणिक ठरतो. मात्र प्रसंगात चहाला वाव नसेल, तर 'थांब ना जरा' हेच पुरे.

(आ) पुढे काही घडणार आहे म्हणून न जाणे. दूरचित्रवाणीवरील निवेदक विश्रांतीपूर्वी प्रेक्षकांना 'स्टिक अराउंड' म्हणतो. या जागी मराठी निवेदक 'कुठेही जाऊ नका' असे म्हणतो, हे आपण रोज ऐकतो. इंग्रजीत होकारार्थी असलेली विनंती मराठीत नकारार्थी झाली आहे, आणि ती अगदी स्वाभाविक वाटते. मराठीत राहण्याचा आग्रह पुष्कळदा 'जाऊ नको' या रूपात व्यक्त होतो. 'राहा' म्हटल्याने जे साधत नाही, ते 'जाऊ नका' म्हटल्याने साधते. कारण समोरच्याला जाता येते हे त्यात मान्य केलेले असते. ४.२.३ मध्ये पाहिलेला गाभा येथे मराठीने आपल्या पद्धतीने जपला आहे.

(इ) दीर्घकाळ टिकणे. एखादी फॅशन, एखादे तंत्र, एखादी सवय किंवा एखादा कर्मचारी यांच्याबाबत हा प्रयोग येतो. येथे काळ मिनिटांचा नसून वर्षांचा असतो. मराठीत अशा ठिकाणी 'टिकणे', 'टिकून राहणे', 'रुळणे' ही क्रियापदे योग्य ठरतात. संगणक आल्यावर कागद नाहीसा होईल असे म्हटले जात होते, पण कागद टिकून आहे. येथे 'कागद थांबला आहे' असे म्हणता येणार नाही. कर्ता सचेतन आहे की अचेतन, हे या छटेत आवर्जून पाहावे. अचेतन कर्त्याच्या बाबतीत स्वेच्छेचा अर्थ आपोआप गळून पडतो आणि केवळ सातत्य उरते.

(ई) सोबत असणे, हयात असणे. ही सर्वांत नाजूक छटा होय. वृद्ध माणूस इंग्रजीत म्हणतो की, नातवंडांची लग्ने पाहीपर्यंत 'स्टिक अराउंड' करण्याची इच्छा आहे. येथे 'जिवंत राहण्याची इच्छा आहे' असा अनुवाद चुकीचा नाही. परंतु मूळ वाक्यातील हलका, काहीसा विनोदी सूर त्यात हरवतो आणि मरणाचा उल्लेख उघडा पडतो. मराठी आजी म्हणेल, "नातीचं लग्न बघायला राहिले म्हणजे मिळवलं." 'राहणे' या साध्या क्रियापदाने येथे आयुष्याचा भार पेलला आहे. जाण्याविषयीचा हा संकोच आपल्या भाषेत खोलवर आहे. घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आजारी माणसाच्या अंथरुणापाशी बसलेला मुलगा इंग्रजीत 'मी स्टिक अराउंड करीन' असे आश्वासन देतो, तेव्हा मराठीत त्याला थांबण्याचे क्रियापदही लागत नाही. तो म्हणतो, "मी आहे ना." अस्तित्ववाचक क्रियापद आणि एक लहानसे अव्यय यांत सोबतीचे संपूर्ण वचन मावते.

४.२.५ सदृश प्रयोगांशी तुलना

जवळ राहण्याविषयीचे आणखी काही इंग्रजी प्रयोग आपल्या वाचनात येतात. त्यांचा थोडक्यात परिचय करून घेऊ.

• हँग अराउंड : यात हेतूचा अभाव सूचित होतो. शाळेबाहेर विनाकारण उभ्या असलेल्या मुलांविषयी तो येतो. 'घुटमळणे', 'रेंगाळणे', 'टवाळक्या करत उभे राहणे' हे प्रसंगानुसार पर्याय. ब्रिटिश बोलीत 'हँग अबाउट' असेही म्हणतात.
• स्टँड बाय : मुळात जहाजावरील आज्ञा. आदेश मिळताच काम करता यावे म्हणून सज्ज राहणे. मराठीत 'सज्ज राहणे', 'तयारीत असणे'.
• स्टे पुट : जागचे मुळीच न हलणे. 'स्टिक अराउंड'मध्ये थोडी हालचाल चालते. येथे ती चालत नाही.
• स्टिक बाय : अडचणीत साथ न सोडणे, पाठीशी उभे राहणे. यात निष्ठेचा भाव ठळक आहे.
• स्टिक टू : माणसाजवळ नव्हे, तर मताशी, नियमाशी किंवा निर्णयाशी चिकटून राहणे, ठाम असणे. येथे मात्र मराठीतील 'चिकटून राहणे' चालू शकते.

एकाच 'स्टिक'ला अव्यय बदलून लावले की अर्थ कसा बदलतो, हे शेवटच्या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. ४.२.१ मधील 'हार'च्या उदाहरणाशी त्यांची तुलना करून पाहावी.

४.२.६ मराठीत आणताना : चार प्रश्न

हा वाक्प्रचार समोर आला की अनुवादकाने लेखणी उचलण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : कोण कोणाला म्हणत आहे? इंग्रजी आज्ञार्थात लहानमोठा हा भेद दिसत नाही. मराठीत तो टाळताच येत नाही. मित्राला 'थांब', वडीलधाऱ्यांना 'थांबा', कार्यालयात आलेल्या अभ्यागताला 'आपण कृपया थांबावे' अशी निवड करावीच लागते. लहानांनी मोठ्यांना सूचना द्यायची असेल, तर मराठी आज्ञार्थ बाजूला ठेवून 'बसायचं', 'थांबायचं' अशी कर्ता न सांगणारी रूपे वापरते. त्यांत सूचना असते, हुकूम नसतो.

दुसरा प्रश्न : किती काळ? मिनिटांचा प्रश्न असेल तर 'थांबणे', वर्षांचा असेल तर 'टिकणे', आयुष्याचा असेल तर 'राहणे' किंवा 'असणे'.

तिसरा प्रश्न : कोठवर? 'अराउंड' या शब्दाने सीमा ठरत नाही. ती प्रसंगाने ठरते. घरी दुरुस्तीला आलेल्या कारागिराला सांगितले तर तो कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेऊ शकतो. लसीकरण केंद्रावर ती सीमा दाराच्या आतच संपते. मराठीत ही सीमा 'इथेच', 'हाकेच्या अंतरावर', 'गावातच' अशा शब्दांनी स्पष्ट करावी लागते.

चौथा प्रश्न : जाणे शक्य होते का? शक्य असूनही कोणी गेले नसेल, तर 'अडकणे', 'खोळंबणे', 'ताटकळणे' ही क्रियापदे कटाक्षाने टाळावीत.

हे चार प्रश्न आरंभीच्या प्रसंगाला लावून पाहू. सांगणारी परिचारिका असली तरी मराठीत बोलणारी नात आहे आणि ऐकणारी आजी. काळ पंधरा मिनिटांचा. सीमा केंद्राच्या दारापर्यंत. आणि आजींना चालता येते, म्हणजे त्या निघून जाऊ शकतात. तेव्हा नातीने म्हणायला हवे होते : "आजी, पंधरा मिनिटं इथंच बसायचं, बाहेर जायचं नाही." या वाक्यात 'स्टिक' नाही आणि 'अराउंड'ही नाही. तरी परिचारिकेचा निरोप त्यात पूर्ण आला आहे. आजी खुर्चीवर बसून राहतील. एखाद्या अनुवादाकडून यापेक्षा अधिक अपेक्षा काय करावी?

४.३ सारांश

'स्टिक अराउंड' हे क्रियापद आणि अव्यय यांच्या संयोगातून घडलेले, अनौपचारिक वळणाचे इंग्रजी अव्यययुक्त क्रियापद आहे. त्याचा अर्थ सादृश्यावर आधारलेल्या रूढ लक्षणेने सिद्ध होतो. जाता येत असूनही न जाणे हा त्याचा गाभा असून, थोडा वेळ थांबणे, पुढील घटनेसाठी न जाणे, दीर्घकाळ टिकणे आणि सोबत किंवा हयात असणे या त्याच्या चार प्रमुख छटा आहेत. मराठीत त्याला एकच एक प्रतिशब्द नाही. 'थांबा', 'चहा घेऊन जा', 'कुठेही जाऊ नका', 'टिकून राहिली', 'मी आहे ना' ही सर्व आपापल्या जागी त्याचीच मराठी रूपे आहेत. त्यामुळे शब्दाला शब्द शोधण्याऐवजी, त्या प्रसंगी मराठी माणूस काय म्हणेल हे शोधणे, हीच वाक्प्रचाराच्या अनुवादाची खरी दिशा होय.

४.४ स्वयं-अध्ययन प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. 'स्टिक' या क्रियापदाचा प्राचीन इंग्रजीतील अर्थ कोणता?
२. मम्मटाने लक्षणेसाठी कोणत्या तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत?
३. 'ताटकळणे' हे क्रियापद 'स्टिक अराउंड'साठी का योग्य नाही?

आ) योग्य की अयोग्य ते लिहा.
१. 'स्टिक अराउंड' हे सकर्मक क्रियापद आहे.
२. अचेतन कर्त्यासाठी 'टिकणे' हे क्रियापद योग्य ठरते.

उत्तरे
अ) १. टोचणे, खुपसणे. २. मुख्यार्थबाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. ३. त्यात स्वेच्छा नसून दुसऱ्याने वाट पाहायला लावल्याचा भाव आहे.
आ) १. अयोग्य. २. योग्य.

४.५ सरावासाठी स्वाध्याय

१. 'स्टिक अराउंड' या वाक्प्रचाराच्या चार अर्थच्छटा स्वतःच्या उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. 'थांबणे' या मराठी क्रियापदाची अनेकार्थता सांगून, त्यामुळे अनुवादात निर्माण होणाऱ्या अडचणींची चर्चा करा.
३. खोळंबणे, रेंगाळणे, घुटमळणे आणि ठाण मांडणे यांचा प्रत्येकी एका वाक्यात उपयोग करून त्यांतील अर्थभेद लिहा.

उपक्रम : आपल्या घरी आलेल्या पाहुण्यांना थांबवून घेण्यासाठी घरातील वेगवेगळी माणसे कोणकोणती वाक्ये वापरतात, ते आठवडाभर ऐकून टिपून ठेवा. बोलणारा, ऐकणारा, त्यांचे नाते आणि क्रियापदाचे रूप अशा चार रकान्यांत त्यांची मांडणी करा. आपल्या बोलीतील खास शब्द प्रमाण भाषेत बदलू नका. ते जसे ऐकले तसेच लिहा.